ठेच, शहाणपण आणि इबरत



असरच्या नमाजनंतर काही वेळ मशिदीच्या ओट्यावर बसण्याची आमच्या गावात रीत आहे. तेथे जे बोलणे होते ते बहुतेक वेळा कामधंद्याचे असते. कोणाची उधारी बुडालेली असते, कोणाचा भागीदार वेगळा झालेला असतो, कोणी मुलाला दुकानावर बसवावे की शिकू द्यावे या विचारात असतो. या बैठकीत एक वाक्य मी इतक्या वेळा ऐकले आहे की आता ते कानावर पडताच मन थोडे सावध होते. "मौलाना, किताबांत काहीही असो, धंद्याने मला एक धडा शिकवला." या वाक्यानंतर जो धडा सांगितला जातो तो फारसा बदलत नाही. कोणावर विश्वास ठेवू नये, कोणाला उधार देऊ नये, नातेवाइकाशी व्यवहार करू नये, खरे बोलून दुकान चालत नाही.

हे सांगणारी माणसे वाईट नसतात. त्यांनी खरोखर फटके खाल्लेले असतात. म्हणूनच त्यांचे म्हणणे सहज झटकून टाकता येत नाही. मात्र एक प्रश्न उरतो, आणि आज तोच आपल्यापुढे ठेवायचा आहे. आयुष्य जे शिकवते ते सगळे शिकण्यासारखे असते काय? ठेच लागणे आणि शहाणपण येणे या दोहोंत खरोखर इतके जवळचे नाते आहे काय? मराठीत म्हण आहे, पुढच्यास ठेच, मागचा शहाणा. नीट पाहिले तर या म्हणीत शहाणा होतो तो मागचा. ज्याला ठेच लागली त्याचे पुढे काय होते, याविषयी म्हण मौन बाळगते.

महाविद्यालयात मराठी शिकत असताना एका शब्दाने मला बराच काळ गुंतवून ठेवले होते. तो शब्द म्हणजे 'धडा'. धडा घेतला जातो, धडा शिकवला जातो आणि धडा गिरवलाही जातो. धडा घेणारा नम्र असतो. धडा शिकवणारा बहुधा सूडाच्या वाटेवर असतो. आणि गिरवणारा, त्याच्यापुढे पाटीवर दुसऱ्याने अक्षर काढून दिलेले असते, त्याच अक्षरावरून तो पुन्हा पुन्हा पेन्सिल फिरवत राहतो. व्यवहारात आपण ज्याला 'मला धडा मिळाला' असे म्हणतो, ते बऱ्याचदा हे गिरवणेच असते. ज्याने आपल्याला फसवले त्याने काढलेले अक्षर आपण गिरवू लागतो.

मदरशात याच अर्थाच्या दोन शब्दांची ओळख झाली होती, तजुर्बा आणि इबरत. तजुर्बा म्हणजे अनुभव, पारख. तो प्रत्येकाच्या वाट्याला येतो, मागावा लागत नाही. इबरतचे तसे नाही. ज्या अरबी धातूपासून हा शब्द आला त्यात पार करण्याचा, एका काठावरून दुसऱ्या काठाला जाण्याचा अर्थ आहे. पवित्र कुरआनच्या सूरह हश्रमधील दुसऱ्या आयतीत डोळस माणसांना इबरत घेण्याची आज्ञा दिली आहे. आज्ञा दिली, याचा अर्थ ती आपोआप घडत नाही. घटना या काठावर घडते, तिचा अर्थ त्या काठावर असतो, आणि मधले पाणी माणसाला स्वतः ओलांडावे लागते. फटका बसलेला माणूस याच काठावर बसून राहिला तर त्याच्या हाती तजुर्बा उरतो, इबरत नाही.

हा भेद मला ग्रंथांतून कळला होता, असे म्हणण्यात अर्थ नाही. ग्रंथांतून तो पाठ झाला होता. कळला तो बोकडांच्या धंद्यात.

इमामाच्या मानधनावर घर चालवणे किती कठीण असते हे आपल्यापैकी अनेकांना ठाऊक आहे. सहा वर्षांपूर्वी मी आणि माझ्या एका सोबत्याने थोडे पैसे हातउसने घेऊन बकरी ईदच्या आधी बोकड विकायचे ठरवले. आठवडी बाजारातून आठ बोकड जिवंत वजनावर घेतले. काट्यावर एकतीस किलो भरलेला बोकड दुसऱ्या दिवशी सकाळी अठ्ठावीस किलोचा झाला होता. विकणाऱ्याने बाजाराच्या आदल्या रात्री कोंड्यातून मीठ चारले होते आणि पहाटे भरपूर पाणी पाजले होते. जाणकारांना ही लबाडी जुनी आहे, आम्हाला नवी होती. दोन बोकडांना हगवण लागली, त्यांतला एक मेला. ईद झाली तेव्हा नफा तर दूरच, उसने घेतलेले पैसे फेडायला पुढचे सात महिने गेले.

त्या काळात एका हदीसने मला धीर दिला. ती सहीह बुखारी आणि सहीह मुस्लिम या दोन्ही संग्रहांत आहे. ईमानधारक माणूस एकाच बिळातून दोनदा दंश करून घेत नाही, असा तिचा आशय आहे. मी स्वतःला समजावले की एकदा दंश झाला, आता दुसऱ्यांदा होऊ द्यायचा नाही. इथवर सारे ठीक होते. पण या हदीसची पार्श्वभूमी मी शिकलो होतो आणि नेमकी तीच विसरलो.

सीरतच्या ग्रंथांत अबू अज्जा नावाच्या एका कवीचा प्रसंग येतो. हिजरी २ मध्ये बद्रच्या लढाईत तो कैद झाला. घरची गरिबी, मुलींचा भार, खंडणी देण्याची ऐपत नाही. प्रेषित मुहम्मद (स.) यांनी त्याला काहीही न घेता सोडून दिले. मुसलमानांविरुद्ध कोणाला साथ देणार नाही, एवढेच वचन घेतले. त्याने ते मोडले. हिजरी ३ मध्ये उहुदच्या लढाईनंतर तो पुन्हा हाती लागला आणि पुन्हा तीच विनवणी करू लागला. या वेळी ती मान्य झाली नाही. बिळाची गोष्ट निघाली ती या प्रसंगी, असे हे ग्रंथ सांगतात.

आता पुढे पाहा. अबू अज्जाने वचन मोडले म्हणून प्रेषितांनी (स.) कैद्यांना सोडणे थांबवले काय? हिजरी ८ मध्ये मक्का जिंकल्यावर ज्या लोकांनी वीस वर्षे छळ केला होता त्यांना सर्वसाधारण माफी मिळाली. त्याच वर्षी हुनैननंतर हवाजिन कबिल्याची हजारो माणसे मुक्त करण्यात आली. म्हणजे धडा त्या एका बिळापुरता होता. जमिनीतले प्रत्येक छिद्र बुजवून टाका, असा त्याचा अर्थ नव्हता. आणि दंश झाला म्हणून आपणही दंश करायला लागा, असा तर मुळीच नव्हता.

मी मात्र नेमके हेच केले. ते सांगताना संकोच वाटतो. पण मिंबरवरून दुसऱ्यांना सांगणाऱ्याने स्वतःचे झाकून ठेवावे हे बरे दिसत नाही.

दुसऱ्या वर्षी आम्ही बारा बोकड आणले. आता तजुर्बा होता. दात उघडून पाहिले, पोट चाचपले, बाजारात पाऊल ठेवल्यापासून काट्यापर्यंत नजर ठेवली. एकही बोकड फसवून दिला गेला नाही. परंतु टेम्पोतून आणताना एका काळ्या, लांब कानांच्या, देखण्या बोकडाच्या मागच्या पायाला मार बसला आणि खूर दुखावले. तो लंगडू लागला. पाय टेकवत होता, चालत होता, पण लंगडत होता.

कुर्बानीच्या जनावराचे मसले मला पाठ होते. हनफी फिक्हनुसार जे जनावर दुखऱ्या पायावर भार देऊन चालू शकते, त्याची कुर्बानी होते. लंगडेपणा इतका असेल की तो पाय जमिनीला टेकवताच येत नाही, तर होत नाही. आमचा बोकड पहिल्या प्रकारात बसत होता. मी कोपऱ्यात जाड गवत पसरले आणि त्याला अशा बेताने बांधले की दुखरा पाय भिंतीकडे राहील.

आमच्या मशिदीत तिसऱ्या सफमध्ये एक वृद्ध शिंपीकाका उभे राहतात. आयुष्यभर लोकांचे कपडे शिवून ते वर्षाला थोडे थोडे बाजूला टाकतात आणि कुर्बानी करतात. त्यांना तो बोकड आवडला. तेरा हजारांवर सौदा ठरला. पैसे मोजून देताना त्यांनी विचारले, "मौलाना, सगळे ठीक आहे ना?"

मी म्हणालो, "चाचा, कुर्बानीला चालतो."

वाचकहो, या उत्तरात एक अक्षर खोटे नव्हते. त्यांनी विचारलेल्या प्रश्नाचे ते उत्तरही नव्हते. त्यांनी विक्रेत्याला विचारले होते आणि उत्तर मुफ्तीच्या आवाजात दिले गेले. धर्माचे ज्ञान असे वापरता येते हे मला त्या क्षणी जाणवले, आणि जाणवूनही मी पैसे खिशात ठेवले. गेल्या वर्षी आपल्याला कोणी सांगितले होते काय, हा विचार मनात होता. बाजार असाच चालतो, हे 'धंद्याने' मला शिकवलेच होते.

त्या रात्री ईदपूर्वीच्या जुम्याच्या बयानाची तयारी करायची होती. विषय होता व्यवहारातील सचोटी. हा विषय समितीने महिनाभर आधी ठरवला होता. मी सहीह मुस्लिम उघडली आणि प्रत्येक तालिबे-इल्मला माहीत असलेली ती हदीस काढली. प्रेषित (स.) बाजारातून जात असताना धान्याच्या एका ढिगात हात घालतात. वरचे धान्य कोरडे असते, बोटांना आतली ओल लागते. ते विचारतात, हे काय? विक्रेता उत्तर देतो की पाऊस लागला. तेव्हा प्रेषित (स.) म्हणतात की मग भिजलेले धान्य लोकांना दिसेल असे वर का ठेवले नाहीस, आणि फसवणाऱ्याचा आपल्याशी संबंध नाही, असे बजावतात.

ही हदीस मी अनेकदा सांगितली होती. प्रत्येक वेळी तो विक्रेता मला एक लबाड माणूस वाटला होता. त्या रात्री पहिल्यांदा त्याच्या उत्तराकडे लक्ष गेले. पाऊस लागला. तो खोटे बोलत नव्हता. पाऊस खरोखर पडला होता, त्याचा माल भिजला होता, यात त्याचा काही दोष नव्हता. त्याचे नुकसान खरे होते. तोही पीडितच होता. त्याने केले ते एवढेच, की आपले खरे नुकसान ढिगाच्या तळाशी लोटले आणि पुढच्या माणसाला विकले.

माझ्या बोकडाला टेम्पोत मार बसला होता. तोही पाऊसच होता. आणि आदल्या वर्षीचे मीठपाणी, तोही पाऊसच.

आणखी एक गोष्ट तेव्हा नव्याने दिसली. ही हदीस इमाम मुस्लिम (रहे.) यांनी खरेदी-विक्रीच्या प्रकरणात घातलेली नाही. ती ईमानच्या प्रकरणात आहे. विक्रेत्याने आपल्यावर कोसळलेल्या आपत्तीचे काय केले, यात त्याच्या श्रद्धेची परीक्षा होती, धंद्याच्या कौशल्याची नव्हे. बाजारातील बहुतेक फसवणूक अशीच पुढे सरकत असते असे मला वाटते. मुळात दुष्ट असलेली माणसे थोडी असतात. बाकीचे सगळे स्वतःवर पडलेला पाऊस पुढच्याच्या पोत्यात ओतत असतात, आणि प्रत्येकाजवळ आपल्या भिजण्याची खरी कहाणी असते.

फजरनंतर मी शिंपीकाकांच्या घरी गेलो. बोकड दारात बांधला होता आणि त्यांची नात त्याला बोरीचा पाला चारत होती. मी ऐब सांगितला, टेम्पोची हकीकत सांगितली. काका रागावले नाहीत, हेच कठीण गेले. ते म्हणाले, "लंगडतो हे घरी आणल्यावर दिसले. पण म्हटले, इमामसाहेबांनी दिला आहे, म्हणजे चालत असेल. आपण इमामाच्या मागे नमाज पढतो. त्याचा बोकड काय तपासायचा?"

कुर्बानी होते की नाही हा एक मसला आहे आणि ऐब न सांगता विकणे जायज आहे की नाही हा दुसरा. दुसऱ्याचे उत्तर स्पष्ट आहे. दोष झाकलेला माल परत करण्याचा अधिकार शरीअतने गिऱ्हाइकाला दिला आहे. मी पैसे परत करू लागलो. त्यांनी घेतले नाहीत. मग त्यांना उरलेल्यांपैकी सर्वांत चांगला बोकड निवडायला लावले आणि लंगडा घरी आणला. त्या वर्षीही फारसे काही उरले नाही.

सूरह मुतफ्फिफीनच्या आरंभी अशा लोकांचे वर्णन आहे जे स्वतः घेताना माप पुरेपूर घेतात आणि दुसऱ्याला देताना कमी भरतात. या लोकांना माप कळत नाही असे नाही. घेताना त्यांची नजर किती तीक्ष्ण असते पाहा! अनुभवाने त्यांना मापातले सगळे शिकवले आहे. शिकवले नाही ते फक्त हात बदलल्यावर नजर तशीच ठेवायला. दुसऱ्या वर्षी बोकडाचे दात तपासताना माझी नजर अशीच तीक्ष्ण होती.

इमाम अबू हनीफा (रहे.) यांचे उदाहरण येथे आठवते. हिजरी १५० मध्ये ज्यांचे निधन झाले ते हे महान फकीह कूफा शहरात कापडाचे व्यापारी होते, हे आपण पुष्कळदा विसरतो. चरित्रग्रंथांत सांगितले आहे की त्यांनी आपले भागीदार हफ्स यांच्याकडे कापड विकायला पाठवले आणि त्यातील एका ताग्यात दोष आहे, तो गिऱ्हाइकाला दाखवून विका, असे बजावले. हफ्स दोष सांगायला विसरले. गिऱ्हाईक कोण होते तेही लक्षात राहिले नाही. इमामसाहेबांनी त्या मालाची सगळी रक्कम सदका केली. त्यांच्यावरही एक प्रकारे पाऊसच पडला होता. विसरले होते ते भागीदार. पण ते पाणी त्यांनी आपल्याच अंगावर जिरवले, पुढे जाऊ दिले नाही.

येथे कोणी म्हणेल की हे सारे विक्रेत्याचे झाले. ज्याची उधारी बुडाली, ज्याने विश्वास ठेवला आणि पस्तावला, त्याने कोणता धडा घ्यावा? हा प्रश्न रास्त आहे आणि त्याचे उत्तर केवळ 'सब्र करा' असे देऊन सुटका करून घेणे मला योग्य वाटत नाही.

आमच्या मोहल्ल्यात एक किराणा दुकानदार आहेत. २०२०च्या टाळेबंदीत त्यांनी कोणालाही परत पाठवले नाही. तेल, तांदूळ, साखर, जे लागेल ते दिले. बरेचसे तोंडी, काही चिठोऱ्यांवर. पुढे कामे सुरू झाली तेव्हा काहींनी फेडले, काही गाव सोडून गेले, आणि काहींनी आम्ही एवढे घेतलेच नव्हते असे सांगितले. त्यांना सर्वांत जास्त लागले ते हे शेवटचे. आता त्यांच्या गल्ल्याच्या वर 'उधार बंद' अशी पाटी आहे. मागच्या वर्षी, नवरा दवाखान्यात असलेली एक बाई तेथून रिकाम्या पिशवीने परतली. मी विचारले तेव्हा ते म्हणाले, "चांगुलपणाचा धडा मिळाला, मौलाना. एकदा मिळाला तेवढा पुरे."

त्यांच्यापुढे मी कुरआनचे भाषांतर ठेवले आणि सूरह बकरहमधील एक जागा दाखवली. आपणही घरी उघडून पाहावी. कुरआनमधील सर्वांत मोठी आयत कोणत्या विषयावर आहे? नमाजवर नाही, रोजावर नाही, हजवर नाही. सूरह बकरहची २८२वी आयत ही सर्वांत मोठी आयत असून ती उधारी लिहून ठेवण्याविषयी आहे. मुदत ठरवून कर्ज दिले-घेतले तर लिहावे, लिहिणाऱ्याने न्यायाने लिहावे, साक्षीदार ठेवावेत, रक्कम लहान असो की मोठी, लिहिण्याचा कंटाळा करू नये, हे सारे तपशील तेथे आहेत. हातोहात होणारा रोखीचा व्यवहार न लिहिला तरी चालतो, एवढी सूटही आहे. आणि मजकूर सांगायचा कोणी? ज्याच्यावर देणे आहे त्याने. घेणारा आपल्या तोंडाने सांगतो आणि ते लिहिले जाते. म्हणजे लिहिणे हा त्याच्यावर दाखवलेला अविश्वास नाही. ती त्याचीच कबुली आहे, त्यानेच दिलेला शब्द आहे. आमच्या दुकानदारांचे म्हणणे होते की त्या दिवसांत वही पुढे केली असती तर लोकांना वाईट वाटले असते. वाईट वाटले असते हे खरे. पण न लिहिल्यामुळे आज दोन्हीकडे जे मनात साचले आहे ते त्याहून कितीतरी वाईट आहे.

आता पान तेच ठेवून दोन आयती मागे या. २८०व्या आयतीत सांगितले आहे की कर्जदार अडचणीत असेल तर त्याला सोय होईपर्यंत मुदत द्यावी, आणि सोडून दिले तर ते तुमच्यासाठी अधिक चांगले. लिहून घ्या आणि मुदत द्या, या दोन आज्ञा अशा शेजारी शेजारी आहेत. आपला तजुर्बा मात्र यांतली एकच निवडायला सांगतो. कोमल मनाचा माणूस लिहीत नाही आणि बुडतो. बुडालेला माणूस कठोर होतो आणि मुदत देत नाही. वहीत काटेकोर आणि वसुलीत मऊ असा माणूस अनुभवातून सहसा घडत नाही. तो घडवावा लागतो. या दोन आयतींच्या मध्ये एकच आयत आहे, २८१वी. ज्या दिवशी सर्वांना अल्लाहकडे परतायचे आहे आणि प्रत्येकाला त्याच्या कमाईचा पुरा मोबदला मिळणार आहे त्या दिवसाची धास्ती बाळगा, असे ती सांगते. काही रिवायतींनुसार ही सर्वांत शेवटी अवतरलेली आयत आहे. वही आणि दया यांना जोडणारा सांधा नेमका तेथे आहे. दोन्ही हिशेब एकाच्याच पुढे मांडायचे आहेत.

मराठीच्या वर्गात तुकाराम महाराजांचे चरित्र वाचताना मला एक प्रसंग विलक्षण वाटला होता. देहूचे हे वाणी. १६३०च्या सुमारास पडलेल्या भीषण दुष्काळाने त्यांचा व्यवसाय आणि घर दोन्ही उद्ध्वस्त केले. परंपरा सांगते की पुढे त्यांनी लोकांकडील येणे असलेली खते बाहेर काढली, धाकट्या भावाच्या वाटणीची निम्मी त्याला देऊन टाकली आणि आपल्या वाटणीची इंद्रायणीत बुडवली. यातला भावाच्या वाट्याचा तपशील मला फार मोलाचा वाटतो. माफ करायचे ते आपले. दुसऱ्याच्या हक्कावर उदार व्हायचे नाही. आणि खते बुडवता आली, कारण ती लिहिलेली होती. ज्याने नोंदच ठेवली नाही तो माफ काय करणार? तो फक्त हरवतो.

किराणा दुकानदारांनी पाटी अजून काढलेली नाही. गेल्या रमजानमध्ये त्यांनी एक निळ्या पुठ्ठ्याची वही आणली, तीत आजवर चार नावे आहेत असे ते मला सांगतात. चौथे नाव त्या बाईंचे आहे. मी त्यांना पाटीविषयी अद्याप काही म्हटलेले नाही. जखम भरायला वेळ लागतो, आणि ओट्यावर बसून उपदेश करणे दुकानात उभे राहण्याहून नेहमीच सोपे असते.

तोट्याविषयी इतके लिहिले. नफ्याविषयी थोडेच लिहितो, कारण नफ्यातून शिकणारे मला फार भेटलेले नाहीत. कारूनने आपल्या संपत्तीविषयी काय म्हटले ते सूरह कससमध्ये आहे. ही माझ्या ज्ञानामुळे मिळाली, हा त्याचा निष्कर्ष होता. आज यशस्वी व्यापाऱ्यांची जी भाषणे मुले मोबाइलवर ऐकतात त्यांतील अनेकांचा निष्कर्ष वेगळा नसतो. तोट्यात निदान माणूस वर पाहतो. नफा मात्र त्याच्या हातात आरसा देतो.

मात्र त्याच कुरआनमध्ये, सूरह कलममध्ये, बागेच्या मालकांची गोष्ट आहे. गरिबांना काही द्यावे लागू नये म्हणून ते पहाटेच फळे तोडायला निघतात आणि पोहोचतात तेव्हा बाग उजाड झालेली असते. त्यांची पहिली प्रतिक्रिया अगदी माणसासारखी आहे. आपण वाट चुकलो, ही आपली बाग नव्हेच, असे त्यांना वाटते. मग ते थबकतात, एकमेकांना दोष देतात, आणि शेवटी अतिरेक आपणच केला हे कबूल करतात. हे माणसाचे पाणी ओलांडणे आहे. या काठावर त्यांच्या हाती फक्त जळालेली बाग होती आणि एकमेकांना दूषण देत आयुष्य काढायला ती पुरेशी होती.

आम्ही बोकडांचा धंदा सोडलेला नाही. आता एक वही आहे, तीत प्रत्येक जनावराची खरेदी, वजन, दात आणि ऐब लिहिलेला असतो, आणि भाव सांगण्याआधी ते पान गिऱ्हाइकाला दाखवले जाते. गेल्या ईदला एका तरुणाने एक बोकड जवळजवळ पसंत केला होता. याला दहा दिवसांपूर्वी ताप येऊन गेला, आता बरा आहे, असे लिहिलेले त्याने वाचले, हसून वही परत दिली आणि नाक्यावरच्या दुसऱ्या विक्रेत्याकडे गेला. त्याच्या मागोमाग आणखी दोघे गेले. तो बोकड विकला गेला नाही. माझ्या दारात बांधलेला आहे. तेव्हा तो दोन दाती होता, आता त्याला चार दात आले आहेत, आणि माझ्या धाकट्या मुलाने त्याला नाव ठेवले आहे, त्यामुळे या वर्षी तरी त्याला विकता येईल की नाही, शंकाच आहे.